पायरी ओळखताना : किशोरवयीनांच्या नाटकातील दर्जा आणि सत्ता

शालेय नाट्यस्पर्धेला परीक्षक म्हणून बसणाऱ्याला एका दिवसात सात-आठ राजे भेटतात. ते एकमेकांचे सख्खे भाऊ असावेत इतके सारखे असतात. छाती पुढे, मान ताठ, एक हात मिशीवर आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत चढवलेला. त्यांच्यासमोरचा सेवकही ठरलेला असतो. तो कमरेत वाकलेला, त्याच्या खांद्यावर पंचा आणि तोंडी कुठल्याच गावात कोणी बोलत नाही अशी एक 'गावरान' भाषा. पालक राजाच्या आवाजाला आणि सेवकाच्या वाकण्याला टाळ्या देतात. पडदा पडतो आणि पुढच्या शाळेचा राजा विंगेत मिशी चिकटवू लागतो.

नाशिकमध्ये आठवी ते दहावीच्या मुलांना नाटक शिकवण्याचे काम मी वीस वर्षांहून अधिक काळ करतो आहे. त्यांतली निम्मी वर्षे मीही असेच राजे घडवले. या लेखात मला त्या राजांची आणि त्या निमित्ताने माझ्या शिकवण्याची तपासणी करायची आहे. किशोरवयीन मुलांना रंगमंचावर सामाजिक दर्जा आणि सत्ता दाखवायला शिकवताना आपण त्यांना नेमके काय शिकवतो? तो अभिनयाचा धडा असतो, की समाजात कोणी कुठे उभे राहायचे याची उजळणी?

माझ्या विद्यार्थ्यांना 'स्टेटस' म्हटले की मोबाइलवरचा फोटो आठवतो. म्हणून मी 'पायरी' हा शब्द वापरतो. पायरी ओळखणे, पायरीने राहणे, पायरी सोडून बोलणे हे वाक्प्रचार मराठी घरातल्या प्रत्येक मुलाने कधी ना कधी स्वतःला उद्देशून ऐकलेले असतात. आपल्या भाषेने ही पायरी क्रियापदापर्यंत नेली आहे. 'तू ये', 'तुम्ही या', 'आपण यावे' या तीन वाक्यांत अर्थ एकच, पण उंची तीन. एकाच माणसाला गणपतराव, गणपत आणि गण्या म्हणता येते आणि त्या तिन्ही हाकांना तो तीन वेगळ्या तऱ्हांनी वळून पाहतो. चौदा वर्षांचे मूल हा सगळा व्यवहार बिनचूक चालवते. सोसायटीच्या वॉचमनला 'काका' म्हणायचे आणि लगेच 'गेट उघड' असे एकेरीत सांगायचे, ही कसरत त्याला कोणी शिकवावी लागत नाही. मग तालमीच्या खोलीत आल्यावर हेच मूल हे सारे ज्ञान चपलांबरोबर दाराबाहेर का ठेवते? कारण आत आम्ही त्याच्यासाठी साचा तयार ठेवलेला असतो.

२

साचा जुना आहे. नाट्यशास्त्राने पात्रांच्या उत्तम, मध्यम आणि अधम अशा प्रकृती मानल्या आणि त्यांच्या चालण्याचे माप दिले. देव आणि राजे यांच्या दोन पावलांतले अंतर चार ताल, मध्यम पात्रांचे दोन ताल, स्त्रिया आणि नीच मानलेली पात्रे यांचे एक ताल. ताल म्हणजे साधारण एक वीत. राजाने चार वीत चालायचे आणि दासीने एक वीत. भाषाही अशीच वाटलेली. उत्तम पुरुष संस्कृत बोलणार, स्त्रिया आणि सेवक प्राकृत. विदूषक जातीने ब्राह्मण असूनही प्राकृतात बोलतो, त्यामुळे ही वाटणी केवळ जातीची नाही हेही लक्षात घ्यावे लागते.

यातले निरीक्षण अचूक आहे. सत्ता जागा व्यापते. बसमध्ये पाय पसरून बसणारा आणि अंग चोरून बसणारा पाहिला की चार ताल आणि एक ताल यांचा अर्थ आजही कळतो. पण हे माप एकट्या माणसाचे आहे. राजाला चार वीत चालता यावे म्हणून दुसऱ्या कुणाला तरी बाजूला सरावे लागते, ही गोष्ट त्या मापात येत नाही. आमच्या शालेय रंगभूमीने माप तेवढे घेतले आणि बाजूला सरणारा माणूस विसरला.

हे मुलांना समजावून देण्यासाठी मी घरचे उदाहरण घेतो. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला तेव्हा तारामतीच्या कामाला बाई मिळेना. अखेर उपाहारगृहात स्वयंपाकाचे काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाने ती भूमिका केली. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये त्यानेच राम आणि सीता अशी दोन्ही कामे केली. मुले हसतात. मग मी विचारतो, स्वयंपाक्याला राणी कोणी केले? पहिली उत्तरे साडी, दागिने, केस अशी येतात. एका वर्षी सातवीतून नुकतीच आठवीत आलेली एक मुलगी म्हणाली, "सर, बाकीच्यांनी." तिचे म्हणणे असे की बाकीची पात्रे त्याच्यापुढे राणीसमोर उभे राहावे तशी उभी राहिली, म्हणून तो राणी झाला. सत्तेबद्दलचे इतके नेमके विधान मला नाट्यविषयक पुस्तकांतही क्वचित सापडले आहे.

३

नाशिकच्या मुलांना हे शिकायला फार लांब जावे लागत नाही. 'नटसम्राट' याच गावात राहणाऱ्या शिरवाडकरांचे. शालेय एकपात्री स्पर्धांमध्ये गेली कितीतरी वर्षे या नाटकातली स्वगते होत आली आहेत. घर मागणारे ते प्रसिद्ध स्वगत तर दर वर्षी कुणीतरी म्हणतेच. पंधरा वर्षांचा मुलगा पांढरी दाढी लावतो, काठी टेकतो, कापऱ्या आवाजात सुरुवात करून हळूहळू गर्जनेपर्यंत जातो. पाठांतर चोख असते, पण सत्ता गेलेला माणूस काही दिसत नाही.

याचे कारण मला उशिरा कळले. एकपात्री या प्रकारातच बाकीची सगळी पात्रे काढून टाकलेली असतात. गणपतराव बेलवलकरांना सम्राट करणारी आणि त्यांना त्या पदावरून खाली आणणारी माणसेच रंगमंचावर नसतील, तर अभिनेत्याच्या हाती उरतो फक्त आवाज. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'शी या नाटकाचे नाते सर्वांना माहीत आहे. लिअर राज्य मुलींना देऊन टाकतो आणि स्वतःसाठी शंभर सरदार ठेवतो. मुली त्यांची संख्या आधी पन्नासवर, मग पंचवीसवर आणतात आणि शेवटी एकाची तरी गरज काय, असे विचारतात. तिथे राजाची पायरी अक्षरशः मोजून उतरवली जाते. शिरवाडकरांनी हे सरदार काढून टाकले आणि त्यांच्या जागी मध्यमवर्गीय घर आणले. आप्पांकडे राज्य कधी नव्हतेच. राजांच्या भूमिका होत्या आणि त्या पाहणाऱ्यांचा आदर होता. तो आदर घरात कुणी काढून घेऊ लागले की माणूस कसा खाली येतो, ते नातीला काय शिकवायचे यावरच्या कुरबुरीत आणि चोरीच्या आळात दिसते. स्वगते त्यानंतर येतात. मुले मात्र पडझडीचा आवाज पाठ करतात. पडझड त्यांना कोणी वाचून दाखवलेली नसते.

याच नाटकात एक उलट उदाहरणही आहे. आप्पा आपल्या पत्नीला, कावेरीला, 'सरकार' म्हणतात. ज्याला जग सम्राट म्हणते तो घरात कुणालातरी सरकार म्हणतो. इथे त्याला कुणी खाली ओढलेले नाही, तो आपण होऊन एक पायरी उतरला आहे आणि त्याचे नाव प्रेम आहे. पायरीचा खेळ दर वेळी अपमानाचाच असतो असे नाही, हे मुलांना सांगायला याहून चांगला पुरावा नको.

आणखी एक गोष्ट. आयुष्याच्या अखेरीस आप्पांना आसरा देतो तो बूटपॉलिश करणारा मुलगा. शिरवाडकरांनी त्याचे नाव ठेवले आहे राजा. नाटकातली ही भूमिका माझ्या विद्यार्थ्यांच्या सर्वांत जवळची. इतक्या स्पर्धा पाहिल्या, पण हा राजा निवडून रंगमंचावर आलेला मुलगा मी पाहिलेला नाही. आमच्याकडे राजा म्हणजे मिशीवालाच.

नाशिकमध्येच प्राध्यापक असलेल्या वसंत कानेटकरांनी १९६२ च्या 'रायगडाला जेव्हा जाग येते'मध्ये मिशीवाल्या राजाचीही वेगळी बाजू दाखवली होती. अवघ्या मुलखाला ज्याचा शब्द प्रमाण, त्याचा शब्द स्वतःच्या घरात मुलगा आणि पत्नी यांच्यामध्ये अडकून पडतो. तो राजा ओरडला तर नाटकच संपेल. मुलांकडून हा प्रवेश बसवून घेताना मी एकच अट घालतो : शिवाजीचे काम करणाऱ्याने आवाज चढवायचा नाही. पहिल्या दिवशी मुले गोंधळतात. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना आपापल्या घरातले जेवणाचे ताट, बंद झालेला टीव्ही आणि गप्प बसलेले वडील आठवू लागतात.

४

माझ्या शिकवण्यात खरा बदल झाला तो किथ जॉन्स्टन यांच्या पुस्तकाने. जॉन्स्टन आधी लंडनमधल्या बॅटरसी या कामगारवस्तीतल्या शाळेत शिक्षक होते, मग रॉयल कोर्ट थिएटरमध्ये आले. त्यांचे 'इम्प्रो' १९७९ साली प्रसिद्ध झाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : दर्जा ही माणसाजवळ असलेली वस्तू नाही, ती माणूस क्षणोक्षणी करत असलेली कृती आहे. गरीब माणूस वरचा दर्जा 'खेळू' शकतो आणि श्रीमंत माणूस खालचा. दोन माणसे बोलू लागली की त्यांच्यामध्ये सी-सॉ सुरू होतो. एक वर गेला की दुसरा खाली येतो. बोलताना मान स्थिर ठेवली तर माणूस वरचा वाटतो, सारखी हलवली तर खालचा. नटांना त्यांनी सांगितले की आपला दर्जा समोरच्याच्या फक्त किंचित वर किंवा किंचित खाली ठेवा. तेवढ्याने रटाळ संवाद जिवंत झाले.

मी हे सराव मराठीत आणले. 'बसा' हा एकच शब्द दहा प्रकारे म्हणायचा. दुकानात उधारी मागायची, पण मागणारा वरचा आणि देणारा खालचा. मुख्याध्यापकांच्या खोलीत उभे राहायचे, पण मान हलू द्यायची नाही. मुले खूश झाली. दोन महिन्यांत मिशा गळून पडल्या. सेवकाचे काम करणारी मुलगी मालकिणीला चहा देताना कप टेबलावर किंचित जोरात ठेवू लागली आणि तेवढ्यावर सभागृह हसले. सोंगाड्याने राजाची टोपी उडवावी ही तमाशाच्या वगातली रीत आमच्या मुलांच्या रक्तात आहेच. जॉन्स्टनने तिला फक्त नाव दिले, असे मी तेव्हा अभिमानाने सांगत असे.

५

एका वर्षी अस्पृश्यतेच्या विरोधात नाटक बसवायचे ठरले. संहिता मुलांनीच सरावातून तयार करायची होती. मी पाण्याच्या पेल्याचा सराव दिला. एकाने पाणी मागायचे, दुसऱ्याने द्यायचे. कोण वरचा आणि कोण खालचा ते कृतीतून दिसले पाहिजे. एका मुलाने पेला हातात दिलाच नाही. तो दोन पावले मागे सरला, पेला उंच धरला आणि वरून धार सोडली. समोरची मुलगी क्षणभर थांबली, मग खाली वाकली आणि तिने ओंजळ धरली. आधी वर्ग हसला. मग एकदम शांत झाला.

मी टाळी वाजवून म्हणालो, "छान. आता अदलाबदल करा." सरावाचा नियमच तसा होता. मुलीने पेला हातात घेतला. तिने तो उंच धरला नाही. मुलानेही ओंजळ धरली नाही. तो हात पुढे करून पेला घ्यायला गेला. दोघेही अवघडून उभे राहिले आणि मी वेळ संपल्याचे सांगून पुढच्या जोडीला बोलावले.

तो प्रसंग मी नाटकात ठेवला. ओंजळ धरायला त्याच मुलीला ठेवले. तिलाच का, असे मला कुणी विचारले नाही. मीही स्वतःला विचारले नाही. 'भूमिकेला चेहरा शोभतो' असे आम्ही पात्रयोजना करताना म्हणतो, तेवढेच मनात होते. आठवड्याने तिची आई शाळेत आली. रागावलेली नव्हती. म्हणाली, "सर, हिची आजी ओंजळीनं पाणी प्यायची. आम्ही नाही पीत. तेवढं एक काम हिला नका देऊ." मी नाटकाचा हेतू समजावून सांगितला. हे नाटक त्या प्रथेच्या विरोधातच आहे, असे म्हणालो. त्यांनी ऐकून घेतले. मी दुसरी मुलगी घेतली, नाटकाला बक्षीस मिळाले आणि ती मुलगी पुन्हा तालमीला आली नाही.

त्या बक्षिसाचा विचार मी बरीच वर्षे करतो आहे. माझे नाटक जातीच्या विरोधात होते आणि त्याची पात्रयोजना जातीने केली होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. जॉन्स्टनचा सी-सॉ तिथे अडकला, कारण सी-सॉला दोन्ही टोके सारखी लागतात. ३१ जानेवारी १९२० ला निघालेल्या 'मूकनायक'च्या पहिल्या अंकात डॉ. आंबेडकरांनी दुसरीच प्रतिमा वापरली होती. हिंदू समाज म्हणजे एक मनोरा, एकेक जात म्हणजे त्याचा एकेक मजला आणि या मजल्यांना जोडणारी शिडीच नाही. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. लंडनच्या तालमीतला दर्जा तालीम संपली की संपतो, असे निदान मानता येते. आमच्या वर्गातल्या मुलांपैकी काहींचा दर्जा खेळ सुरू होण्याआधीच ठरलेला असतो आणि टाळी वाजल्यावरही तो संपत नाही. मी मनोऱ्यात सी-सॉ बसवायला निघालो होतो.

खेळ कधी खेळ राहत नाही, याचा इशारा मराठी रंगभूमीने केव्हाच दिलेला होता. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये (१९६७) हौशी नाटकमंडळी वेळ घालवण्यासाठी खोटा खटला मांडतात. आरोपी म्हणून बेणारेबाईंना उभे करतात, तेही गमतीने. खेळाचे नियम तेच राहतात, पण आरोप खरे होत जातात. नाटकाच्या सुरुवातीला दाराची कडी बाईंच्या बोटाला लागते आणि पुढे त्या बाहेर पडायला धावतात तेव्हा दार उघडत नाही. 'आपण तर गंमत करत होतो' हे वाक्य नेहमी वरच्या पायरीवरच्यांनाच म्हणता येते. नाटक शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे नाटक वर्षातून एकदा वाचावे, असे माझे मत आहे. त्यातले कोर्ट म्हणजे एक तालीमच आहे.

६

मग पायरी आणि सत्ता हा विषय मुलांच्या नाटकातून काढूनच टाकावा का? असे म्हणणारे सहकारी मला भेटले आहेत. मला ते पटत नाही. मुले ज्या गोष्टीत रोज जगतात ती रंगमंचावर आली नाही तर पुन्हा मिशीवाला राजाच येणार. प्रश्न आहे तो कोणी काय करायचे याचा. त्याचे उत्तर मला आपल्याच परंपरेत मिळाले.

जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिले. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले आणि ते छापून यायला १९७९ साल उजाडले. गोष्ट साधी आहे. एक जोशी गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालतो, नवऱ्याला कर्ज काढायला लावतो, ब्राह्मणभोजन उकळतो. वाचताना लक्षात येते की फुल्यांचा भर त्या जोडप्याच्या लाचारीवर नाही. जोशी भीती कशी पेरतो, आकडा कसा वाढवतो, सगेसोयऱ्यांना कसे सामील करून घेतो, हे ते पायरीपायरीने दाखवतात. शेजारी विदूषक उभा आहे; तो प्रत्येक चाल उघडी करतो. शेवटी ते नवराबायको रात्रीच्या शाळेत जायला निघतात. सत्ता इथे आभाळातून पडलेली नाही. ती कष्टाने चालवलेला धंदा आहे आणि नाटक त्या धंद्याची खतावणी मांडते.

दुसरे उदाहरण याच जिल्ह्याचे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. आंबेडकरांचे नेतृत्व आणि दादासाहेब गायकवाडांची संघटना त्यामागे होती. त्याच काळात नाशिक भागातल्या तरुणांतून आंबेडकरी जलसे उभे राहिले. भीमराव कर्डक हे त्यांतले मोठे नाव. कर्डकांनी पुढे जलशांच्या स्वरूपावर आणि कार्यावर पुस्तकही लिहिले. या जलशांच्या फार्सांतून भटजी येत, सावकार येत. त्या भूमिका कोण करत होते? ज्यांना त्या भटजी-सावकारांनी आयुष्यभर खाली ठेवले तेच. खालच्याने वरचा रंगवायचा, ही त्या जलशांची नाट्यदृष्टी होती. ती न्यायाची तर होतीच, अभिनयाच्या दृष्टीनेही अधिक अचूक होती. सावकाराला स्वतःचा चेहरा माहीत नसतो. ज्याला त्या चेहऱ्यावरची रेघ पाहून आज उधारी मिळणार की नाही हे ओळखावे लागते, त्याने त्या चेहऱ्याचा अभ्यास केलेला असतो. मराठीत नाटकाच्या भागालाही 'प्रवेश' म्हणतात आणि मंदिरात जाण्यालाही. नाशिकमध्ये हे दोन्ही प्रवेश एकाच दशकात, एकाच माणसांनी मागितले.

ही दिशा पुढेही चालू राहिली. १९५९ मध्ये सुधा करमरकरांच्या 'मधुमंजिरी'पासून मराठी बालरंगभूमीला नवे वळण मिळाले; ते नाटक रत्नाकर मतकरींचे. त्याच मतकरींनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ठाण्याच्या वस्त्यांमधल्या मुलांना 'वंचितांचा रंगमंच' उघडून दिला. मुलांनी आपल्या वस्तीचे प्रश्न घेऊन स्वतः लिहायचे, स्वतः करायचे. राजकन्या आणि राक्षस यांच्यापासून वस्तीपर्यंत एका लेखकाने केलेला हा प्रवास किशोरांच्या रंगभूमीचा विचार करणाऱ्यांनी नीट अभ्यासावा असा आहे.

७

आता मी काही गोष्टी बदलल्या आहेत. खालच्या पायरीची भूमिका मी नेमून देत नाही. ती मागावी लागते. पाण्याच्या पेल्यासारखा सराव जोडीत न करता सगळ्या वर्गाने एका वेळी करायचा आणि प्रत्येकाने दोन्ही बाजू करायच्या. सराव संपला की नाव घेऊन हाक मारायची, खरे नाव, म्हणजे भूमिका उतरते. बोलीचा नियमही बदलला. ज्या बागलाणात मुल्हेरच्या किल्ल्यावर बागूल राजे नांदले, त्या भागातून आलेल्या अहिराणी बोलणाऱ्या मुलाने राजा अहिराणीतच करायचा. पहिल्यांदा असा राजा उभा राहिला तेव्हा बाकीची मुले हसली. पण त्याने हसणाऱ्यांकडे पाहिले आणि तो बोलायचा थांबला, पुरते शांत होईपर्यंत. राजा म्हणून त्याने केलेली ती पहिली कृती होती आणि ती संहितेत नव्हती.

अभ्यासाचा भारही मी वरच्या भूमिकेवर टाकला आहे. पूर्वी मी सेवकाला वाकायला शिकवत असे. आता मालकाला विचारतो की समोरच्याला लहान करण्यासाठी तू काय काय करतोस त्याची यादी आण. मुले वहीत लिहून आणतात : नाव चुकीचे घेणे, वाट पाहायला लावणे, उत्तर न देणे, समोरचा बोलत असताना फोन पाहणे, बसायला न सांगणे. ही यादी त्यांना कुठल्या पुस्तकात शोधावी लागत नाही.

मागच्या वर्षी एका नाटुकल्यात बंगल्याच्या मालकाचे काम नववीतल्या एका मुलाकडे गेले. तो एकदाही ओरडला नाही. तो फोनवर बोलत आला, न पाहता हात मागे धरला आणि ड्रायव्हरने त्या हातात किल्ली ठेवावी इतका वेळच थांबला. ड्रायव्हर झालेल्या मुलाला धावत यावे लागले. त्याला 'धाव' असे कुणी सांगितले नव्हते. त्या मागे धरलेल्या हाताने त्याला धावायला लावले. तालमीनंतर मी विचारले, "हे कुठे पाहिलेस?"

"गंगापूर रोडला सकाळी पेपर टाकतो सर. रोजच दिसतं."

त्या मुलाला मी वीस वर्षांपूर्वी पेपरवाल्याचे काम दिले असते. आवाज बारीक, अंगकाठी किरकोळ, चेहरा शोभणारा. आणि तो बंगलेवाला, ज्याला त्याने इतक्या सकाळी पाहिले, कधीच रंगमंचावर आला नसता.

ओंजळ धरणारी मुलगी आता कुठे आहे ते मला माहीत आहे, पण ते इथे लिहिण्याचा अधिकार मला नाही. एवढेच सांगतो की त्या नाटकाचे बक्षीस मी कपाटात आत ठेवले आहे आणि नव्या तुकडीच्या पहिल्या दिवशी बाहेर काढतो. कोणत्या नाटकाचे आहे ते मुले विचारतात. मी नाटकाची गोष्ट सांगतो, मग पात्रयोजना कशी केली ते सांगतो, आणि त्यांनाच विचारतो की परीक्षक म्हणून तुम्ही किती गुण दिले असते.